वस्ती आपली, काम आपले. अर्जात नाव मात्र दुसऱ्याचे

दरवर्षी १ ऑगस्टला अमेरिकेतील कॉलेजांचा ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक प्रवेश अर्ज नव्या वर्षासाठी खुला होतो. लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते आणि बाकीच्यांची जानेवारीच्या सुरुवातीला. मुंबई-पुण्यातील महागड्या इंटरनॅशनल शाळांमधील मुले या तारखांची तयारी आठवी-नववीपासून करतात. त्यांच्याकडे खासगी सल्लागार असतात. शाळेतही समुपदेशक असतो. अशा अनेक शाळांमध्ये चालणाऱ्या आयबी डिप्लोमा अभ्यासक्रमात तर अभ्यासाबाहेरचे उपक्रम आणि सेवा हा पदविकेचा सक्तीचाच भाग आहे.

यातील काही मुले शनिवार-रविवारी आपल्या वस्त्यांमध्ये येतात. इंग्रजी शिकवतात, पुस्तके वाटतात, फोटो काढतात. काही जण हे मनापासून करतात, यात शंका नाही. पण पुढे त्याच कामाची अर्जात एक ओळ होते: ‘वंचित वस्तीतील मुलांसाठी शिक्षण उपक्रमाचा संस्थापक.’ आणि त्याच वस्तीत पाच वर्षांपासून रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर लहान मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आपल्या बारावीतील मुलीला विचारा, ‘तू अभ्यासाशिवाय काय करतेस?’ ती म्हणते, ‘काही नाही.’

आपल्या मुलांकडे काम कमी नाही. त्या कामाला काम म्हणून मोजायची सवय आपल्याला नाही, आणि ते मोजून मांडायला शिकवणारे कोणी त्यांच्याजवळ नाही. प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. भारतातील काही खासगी विद्यापीठेही आता गुणांबरोबर निबंध आणि उपक्रम विचारतात. पदवीनंतरच्या बहुतेक मोठ्या फेलोशिपच्या अर्जात हेच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतात. म्हणून ही पद्धत समजून घेणे हे चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.

अर्जात नेमके काय मागतात?

आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुण, सीईटी किंवा नीटचा क्रमांक, आरक्षणाची यादी आणि कटऑफ. अमेरिकेतील निवडक कॉलेजांचे तसे नाही. गुण चांगले हवेतच. हार्वर्ड, एमआयटी, ब्राऊन, डार्टमथ यांनी कोविडकाळात ऐच्छिक केलेली सॅटसारखी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. पण चांगले गुण असलेले अर्ज जागांच्या कितीतरी पट येतात. हार्वर्डमध्ये शंभर अर्जदारांतून साधारण चारच जण निवडले जातात. मग निवड होते ती बाकीच्या कागदांवर.

कॉमन अ‍ॅपमध्ये हे कागद साधारण असे असतात. एक मुख्य निबंध, किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांचा. सात विषयांतून एक निवडायचा; सातवा विषय खुला असतो. त्यानंतर अनेक कॉलेजांचे स्वतःचे छोटे प्रश्न. आणि उपक्रमांची यादी: जास्तीत जास्त १० नोंदी. प्रत्येक नोंदीत पद लिहायला ५० अक्षरे आणि कामाचे वर्णन करायला १५० अक्षरे, मोकळ्या जागा धरून. शिवाय ते काम कोणत्या इयत्तांत केले, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हे आकड्यांत द्यायचे. पुरस्कारांसाठी पाच नोंदी. शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेचा अहवाल वेगळा. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र असतो, पण तिथेही मागणी अशाच स्वरूपाची असते.

या यादीत एक गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. उपक्रमांच्या प्रकारांमध्ये खेळ, संगीत, वादविवाद यांच्याबरोबर ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’, ‘पगारी काम’, ‘सामाजिक न्याय’ आणि ‘धार्मिक’ असेही पर्याय आहेत. म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणे, आईबरोबर घरकामाला किंवा भाजीच्या गाडीवर जाणे, सुट्टीत दुकानात काम करणे हे सारे अर्जात अधिकृतपणे लिहिता येते. ते लपवायचे नाही.

‘गुणवत्ता’ मोजण्याची फूटपट्टी कोणाची?

गुणांच्या पलीकडे जाऊन माणूस पाहणारी पद्धत, असे याचे कौतुक होते. ऐकायला चांगले वाटते. पण गुणवत्तेच्या नावाखाली काय काय चालते, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. म्हणून आकडे पाहू.

हार्वर्डविरुद्धच्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात झाली. तेव्हा आतली पद्धत जगासमोर आली. अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ अशा स्वतंत्र श्रेणी दिल्या जात होत्या. त्याच खटल्यात बाहेर आलेल्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की, हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची मुले, कर्मचाऱ्यांची मुले किंवा देणगीदारांसारख्या खास यादीतले होते. ‘मेरिट’चा सर्वात मोठा बालेकिल्ला तो हाच!

२०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रिडमन यांचा अभ्यास आला. परीक्षेचे गुण सारखे असले, तरी सर्वात श्रीमंत एक टक्का घरांतील मुले आयव्ही लीग आणि त्या दर्जाच्या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त, असे त्यात दिसले. त्यामागच्या कारणांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य आणि खेळाडूंची भरती यांच्याबरोबर अभ्यासाबाहेरच्या कामगिरीला मिळणारी वरची श्रेणी हेही एक कारण होते. कॉमन अ‍ॅपच्या लाखो अर्जांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात खासगी शाळांतील आणि सुखवस्तू घरांतील मुलांनी जास्त उपक्रम आणि जास्त नेतृत्वपदे नोंदवल्याचे आढळले. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या सुमारे ६० हजार अर्जदारांचे निबंध संगणकाने तपासून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की, निबंधाचा आशय आणि घरचे उत्पन्न यांचा संबंध सॅटचे गुण आणि उत्पन्न यांच्या संबंधापेक्षाही घट्ट होता.

थोडक्यात, ‘मन मोकळे करून लिही’ असे सांगणारा निबंधसुद्धा घरची परिस्थिती उघड करतो. कोणाकडे सांगण्यासारखा प्रवास आहे, कोणाकडे महागडी उन्हाळी शिबिरे आहेत, कोणाच्या मसुद्यावर तीन जाणकारांनी हात फिरवला आहे, हे सारे त्या ६५० शब्दांत उतरते. पण ही फूटपट्टी वाकडी आहे म्हणून आपल्या मुलांनी रांगेतच उभे राहू नये, असे म्हणणे म्हणजे ज्यांनी ती वाकवली त्यांनाच जागा सोडणे होय. फूटपट्टी कशी चालते हे कळले की तिच्यातही आपली जागा मागता येते.

२०२३ चा निकाल आणि त्यानंतरचे राजकारण

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य आणि बेकायदेशीर ठरवले. कृष्णवर्णीयांनी लढून मिळवलेला सकारात्मक कृतीचा मार्ग त्यामुळे जवळपास बंद झाला. मात्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालात एक फट ठेवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, भेदभावाला आपण कसे तोंड दिले, हे अर्जदाराने निबंधात लिहिले आणि ते त्याच्या धैर्याशी किंवा क्षमतेशी जोडलेले असेल, तर कॉलेज ते विचारात घेऊ शकते. त्याच वर्षी अनेक कॉलेजांनी निबंधांचे प्रश्न बदलले आणि जीवनानुभवावर थेट विचारणा सुरू केली. निबंधाचे वजन वाढले.

नंतर वारे फिरले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने काढलेल्या सूचनापत्रात ‘अडथळ्यांवर मात’ किंवा ‘जगलेला अनुभव’ विचारणारे प्रश्न वंशाचा छुपा पर्याय ठरू शकतात, असा इशारा दिला गेला. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रम्प प्रशासनाने नऊ विद्यापीठांपुढे एक करार ठेवला. त्यात पदवी अभ्यासक्रमातील परदेशी विद्यार्थी १५ टक्क्यांपर्यंत आणि कोणत्याही एका देशाचे ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याची अट होती. एमआयटीने तो सर्वात आधी नाकारला. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जात आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ही शेवटची बाब विशेष लक्षात घ्यावी.

जातीचा प्रश्न अमेरिकेत आता अगदी अनोळखी राहिलेला नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये जातभेदाविरुद्ध संरक्षण दिले. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात समाविष्ट केली. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा नियम केला. कॅलिफोर्नियाचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते रोखले. या साऱ्यामागे तिथल्या आंबेडकरी संघटनांचे कष्ट आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्ट ठेवा: ही संरक्षणे भेदभावाविरुद्ध आहेत, ती प्रवेशातील आरक्षण नाहीत. अर्जात जातीचा रकाना नाही. भारतातून अर्ज करणारा ब्राह्मण आणि बौद्ध, दोघेही तिथे फक्त ‘आशियाई, भारत’ असतात. फरक कळण्याची जागा निबंध, उपक्रमांची यादी आणि शिफारसपत्र एवढीच.

वस्तीतील काम अर्जात कसे लिहावे?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलींची यादी करून पाहा. विहारात रविवारची वंदना आणि बालसंस्कार वर्ग घेणे. अभ्यासिकेची किल्ली सांभाळणे, वर्गणी जमवणे, वर्तमानपत्रे आणणे. भीमजयंतीच्या समितीत हिशेब ठेवणे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उभे राहणे किंवा ‘एक वही, एक पेन’ उपक्रमात जमलेल्या वह्या गावच्या शाळांपर्यंत पोहोचवणे. भीमगीतांच्या पथकात गाणे, हार्मोनियम किंवा ढोलकी वाजवणे. शेजारच्या आजीचा निराधार योजनेचा अर्ज भरून देणे. जातपडताळणीच्या कागदांसाठी कोणाबरोबर तरी सेतू केंद्रात आणि समाजकल्याण कार्यालयात खेटे घालणे. नळाला पाणी येईल तेव्हा घरचे आणि शेजारचे पाणी भरणे.

यातील प्रत्येक काम अर्जात जाऊ शकते. अट एकच: काय केले ते नेमके लिहावे. ‘मी विहारात समाजसेवा करतो’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. समजा, तेच असे लिहिले: ‘दर रविवारी सहावी ते आठवीच्या २२ मुलांना गणित शिकवले, हजेरीवही ठेवली, येणे बंद केलेल्या चौघांच्या घरी गेले, तिघांना परत आणले.’ इंग्रजीत हे १५० अक्षरांत सहज बसते. यात एकही मोठा शब्द नाही, पण सातत्य आहे, जबाबदारी आहे आणि परिणाम दिसतो.

दाखल्याचे कामही तसेच. ‘लोकांना मदत’ असे न लिहिता किती कुटुंबांचे अर्ज भरले, कोणते कागद अडतात याची यादी करून विहाराच्या फलकावर लावली का, दुसऱ्या दोघांना ते काम शिकवले का, हे लिहावे. सरकारी कार्यालयाचे कामकाज समजून घेऊन लोकांचे काम करून देणे ही वयाच्या सतराव्या वर्षी मोठीच कुवत आहे. इंटरनॅशनल शाळेतील मुलगा तिचे महागडे शिबिर करतो. आपल्या मुलीने ती गरजेपोटी कमावलेली असते.

पदांचा मोह नको. ‘संस्थापक-अध्यक्ष’ लिहिण्यासाठी अर्जाच्या आदल्या वर्षी काढलेली संस्था वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. नववीपासून चाललेली दोन-तीन कामे घाईने जोडलेल्या दहा नोंदींपेक्षा वजनदार ठरतात. दहा जागा आहेत म्हणून दहा भरायच्या नसतात.

तासांचा हिशेब खरा ठेवा. आठवड्याचे सगळे तास मिळवून शाळा आणि झोप यांना वेळच उरत नसेल, तर पुढच्या साऱ्या अर्जावरचा विश्वास उडतो. खोटेपणाचे परिणाम साधे नसतात. २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांना खोटेच खेळाडू ठरवून घुसवले होते. त्यांच्या सल्लागाराला तुरुंगात जावे लागले. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठात बनावट कागदपत्रांवर प्रवेश आणि मदत मिळवलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याला देश सोडावा लागला. पैसेवाल्यांच्या मागे वकिलांची फौज असते. आपल्या एका मुलाचे खोटे पकडले गेले, तर त्याच शाळेतून मागून येणाऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाईल. पंचशीलातील चौथे शील इथेही लागू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणेही कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणुकीतच धरले जाते.

निबंध: जखम दाखवायची की विचार?

निबंधाबाबत आपल्या मुलांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘जात लिहू नकोस, उगाच ओळख उघड होईल.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे दुःख ओत, गोऱ्यांना तेच आवडते.’ पहिल्या सल्ल्यात भीती आहे, दुसऱ्यात बाजार. दुसरा अधिक घातक. आपल्या आईच्या अपमानाची किंमत ठरवून तो प्रवेशाच्या खिडकीत ठेवायचा, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय तो चालतही नाही. अशा दुःखकथा वाचणाऱ्यांनी शेकडो वाचलेल्या असतात. कथेतील व्यवस्था क्रूर आहे एवढे कळते, पण लिहिणारी मुलगी कोण आहे, ती विचार कसा करते, वर्गात बसली तर काय बोलेल, हे कळत नाही.

आपल्यापुढे बाबासाहेबांची दोन उदाहरणे आहेत. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. शाळेत गोणपाटावर बसवलेला तो विद्यार्थी त्या निबंधात स्वतःचे दुःख सांगत नाही. जात कशी निर्माण होते, कशी टिकते, आंतरविवाहबंदीचा त्यात काय वाटा आहे, हे तो जगातील अभ्यासकांसमोर सिद्ध करतो.

दुसरे उदाहरण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परदेशी वाचकाला समजत नाही, म्हणून बाबासाहेबांनी त्यात स्वतःचे आणि इतरांचे प्रसंग लिहिले. १९०१ मधील कोरेगावच्या प्रवासाचा भाग पुन्हा वाचा. मसूर स्टेशनवर वाट पाहणारी नटलेली मुले, त्यांची जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे कबूल करूनही मुलांनाच हाकावी लागलेली बैलगाडी, जवळ जेवण असूनही न मिळालेले पाणी. विशेषणे जवळजवळ नाहीत. रडणे-ओरडणे नाही. ठिकाण, माणसे, भाडे, पाणी: एवढ्यावरच वाचणाऱ्याला सगळे कळते. जातीबद्दल काहीही माहीत नसलेल्या वाचकाला ती कशी समजावायची, याचा इतका चांगला धडा कोणताही सल्लागार देऊ शकणार नाही.

जात लिहायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणावरही सक्ती नको. लिहायची ठरवली तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जातीचा अर्थ दोन-तीन सरळ वाक्यांत सांगून पुढे जावे. ६५० शब्दांत इतिहासाचा तास घ्यायचा नाही. दुसरी, एकच प्रसंग घ्यावा आणि तो पाहिल्यासारखा लिहावा. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, निबंधाचा निम्म्याहून अधिक भाग त्यानंतर आपण काय विचार केला, काय केले, आपले मत कुठे बदलले, यावर असावा. पाण्याच्या रांगेतील भांडणातून एखाद्या मुलीला पाणीवाटपाच्या वेळा नोंदवण्याची कल्पना सुचली आणि त्यातून आकडेवारीची गोडी लागली, तर तो संख्याशास्त्राकडे निघालेल्या विद्यार्थिनीचा निबंध झाला. त्यात जात आहे, वस्ती आहे, पण केंद्रस्थानी तिचे डोके आहे.

अमेरिकेतील आजच्या राजकारणातही हाच मार्ग टिकणारा आहे. २०२३ च्या निकालाने ओळखीच्या नुसत्या उल्लेखाला वजन ठेवलेले नाही आणि २०२५ च्या इशाऱ्यांनी कॉलेजांना आणखी सावध केले आहे. स्वतःच्या कामातून आणि विचारातून उभा राहिलेला निबंध मात्र कोणत्याही नियमाखाली वाचावाच लागतो.

आणि आपला प्रत्येक निबंध जातीवरच असला पाहिजे, असेही नाही. आपल्या मुलाला तारे, बुद्धिबळ किंवा मोटारीचे इंजिन आवडत असेल तर त्याने खुशाल त्यावर लिहावे. तोही त्याचा अधिकार आहे.

पैशाचे गणित आधी समजून घ्या

हार्वर्डसारख्या ठिकाणी राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरहून अधिक आहे. आपल्या बहुतेकांना माहीत असलेल्या दोन सरकारी योजना, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतर पदवीला जाणाऱ्याला त्या लागू नाहीत. केंद्राच्या योजनेत वर्षाला १२५ आणि राज्याच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागा आहेत. केंद्राने तर २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांवरील संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती देणे बंद केले. म्हणजे आज कोणी परदेशी विद्यापीठात जातीवर संशोधन करायचे म्हणाले, तर केंद्राची मदत नाही!

म्हणून पदवीसाठी खरा आधार कॉलेजच्या स्वतःच्या मदतीचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही कॉलेजे परदेशी अर्जदाराची पैसे भरण्याची क्षमता न पाहता निवड करतात आणि निवड झाल्यावर घरच्या उत्पन्नानुसार लागेल तेवढी मदत देतात. बहुतेक इतर कॉलेजांत मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की त्याचा निवडीवर परिणाम होतो. यादी करताना हा फरक पहिल्याच दिवशी पाहावा. आर्थिक अडचण असल्यास अर्जाचे शुल्कही अनेक कॉलेजे माफ करतात. त्यासाठी मागणी करावी लागते, एवढेच.

खुले बोलायचे तर, हा रस्ता थोड्यांचाच आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारताचे ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी होते; त्यात पदवी अभ्यासक्रमाचे सुमारे ३६ हजारच. म्हणून घरी अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा विधी शाखेच्या इथल्या प्रवेशाची तयारी सोडून कोणी यामागे लागू नये. दोन्ही एकत्र चालवावे. चार जणांसाठी समाजाने एवढा वेळ का द्यावा, असे काही कार्यकर्ते विचारतील. उत्तर असे की, नोंद ठेवण्याची आणि नेमके लिहिण्याची ही सवय चौघांच्या उपयोगी पडून संपत नाही. तीच मुले पुढे मास्टर्सचा, फेलोशिपचा, संशोधनाचा, नोकरीचा अर्ज लिहिणार आहेत.

विहारांनी आणि संघटनांनी काय करावे?

पहिले, प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत एक नोंदवही ठेवावी. काम करणाऱ्या मुलाचे नाव, तारीख, तास, काय केले, आणि महिन्याअखेर जबाबदार माणसाची सही. तीन वर्षांनी आठवणीतून तास लिहिण्यापेक्षा ही वही शंभर पटीने भरवशाची.

दुसरे, शिफारसपत्रांची तयारी. आपल्या अनुदानित शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक नसतो. ती जागा मुख्याध्यापक किंवा प्राचार्य भरू शकतात. त्यांना हा प्रकार नवा असतो. ‘वर्तणूक चांगली आहे’ या दाखल्याच्या भाषेत पत्र आले तर त्याचा उपयोग नाही. आपल्या संघटनांतील शिक्षकांनी चांगल्या पत्राचा नमुना समजावून द्यावा. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, विज्ञानाचा शिक्षक वर्षभर नव्हता, अशा गोष्टी अर्जातील ‘अतिरिक्त माहिती’च्या भागात कोरडेपणाने लिहिता येतात. ही जागा पूर्वी ६५० शब्दांची होती. २०२५-२६ पासून ३०० शब्दांचीच आहे.

तिसरे, परदेशात शिकणाऱ्या किंवा शिकून आलेल्या आपल्या मुला-मुलींनी वर्षाला दोन निबंध वाचून देण्याची जबाबदारी घ्यावी. लिहून द्यायचे नाही, वाचून प्रश्न विचारायचे: ‘हे कधी झाले? तू काय म्हणालीस? मग पुढे काय केलेस?’ महागडा सल्लागार यापेक्षा फार वेगळे करत नाही.

चौथे, बाहेरून वस्तीत उपक्रम करायला येणाऱ्यांचे स्वागत करावे, पण नोंद आपल्याही वहीत व्हावी. वर्ग त्यांनी घेतला आणि मुले आपल्या ताईने जमवली, जागा झाडली, फळा आणला, तर तो उपक्रम दोघांचा आहे. अहवालात आणि फोटोखाली दोघांचीही नावे यायला हवीत, हे आधीच स्पष्ट सांगावे.

अकरावीत गेलेल्या मुलांकडे अजून एक पूर्ण वर्ष आहे. नववीतल्यांकडे तीन. या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबा, मुलांना बसवा आणि प्रत्येकाला एका कागदावर गेल्या वर्षभरात केलेली कामे लिहायला सांगा. सुरुवातीला बरेच जण कागद कोराच ठेवतील. तेव्हा त्यांना विचारा: विहाराची किल्ली कोणाकडे असते, धाकट्यांना शाळेत कोण सोडते, जयंतीचा हिशेब कोणी लिहिला, आणि शेजारच्या काकूंचा अर्ज कोणी भरला?